सिलिकोन वापरताना: वस्तू ओळखण्यापासून फट भरण्यापर्यंत

आधी नावाचा घोळ मिटवू. सिलिकॉन हे मूलद्रव्य. अणुक्रमांक १४. वाळूत आणि गारगोटीत ते ऑक्सिजनशी जोडलेलं सापडतं, शुद्ध केलं की राखाडी, चकचकीत आणि ठिसूळ दिसतं. संगणकातल्या चिप त्याच्याच. सिलिकोन ही त्या मूलद्रव्यापासून माणसाने घडवलेली वेगळीच गोष्ट: कधी रबर, कधी तेल, कधी मलम. बोलताना आणि खोक्यांवरसुद्धा दोन्हींना सर्रास ‘सिलिकॉन’ म्हणतात, त्यामुळे खरेदी करताना त्या शब्दावर अडून बसू नका. या लेखात मात्र मऊ, वाकणाऱ्या वस्तूसाठी मी ‘सिलिकोन’ लिहिणार आहे.

हे नाव इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग या रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केलं. आपल्या पदार्थाची रचना कीटोन नावाच्या कार्बनी संयुगांसारखी असेल अशा समजुतीने त्याने तसंच नाव ठेवलं. रचना निराळीच निघाली, नाव राहून गेलं. भांड्याच्या तळाशी उरणाऱ्या चिकट राळेचं पुढे फारसं काही होईल असंही त्याला वाटत नव्हतं. १९४० मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रोचोने तापलेल्या सिलिकॉनवरून, तांब्याला उत्प्रेरक करून, मिथाइल क्लोराइड वायू नेला आणि सिलिकोनचा कच्चा माल थेट मिळवला. त्याच सुमारास जर्मनीत रिचर्ड म्युलरनेही स्वतंत्रपणे हीच वाट शोधली. आजही कारखान्यात मूळ पद्धत तीच आहे.

दगडाचा कणा, तेलाचं कातडं

सिलिकोनचा स्वभाव कळला की पुढच्या बहुतेक सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप सुचतात. म्हणून इथे थोडा वेळ देऊ.

प्लास्टिक आणि साध्या रबराच्या रेणूंचा कणा कार्बनच्या साखळीचा असतो. सिलिकोनच्या कण्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजन आळीपाळीने येतात, म्हणजे वाळूत असतो तोच बंध. तो तोडायला मोलमागे सुमारे ४५० किलोज्यूल ऊर्जा लागते. कार्बन-कार्बन बंधाला ३५० च्या आसपास पुरते. ऊन, ओझोन आणि उष्णता यांपुढे सिलिकोन टिकतं ते यामुळे. या कण्याला बाजूने मिथाइल गट लटकलेले असतात आणि त्यांची जात तेलाची. पाणी वरून घरंगळून जातं, पीठ किंवा गोंद धरत नाही, ते या तेलकट कातड्यामुळे.

हा कणा फार सैलही असतो, सहज वळतो. म्हणून सिलिकोन रबर उणे ५० अंश सेल्सिअसलाही मऊ राहतं आणि दुसऱ्या टोकाला साधारण २०० अंशांपर्यंत सतत काम करतं. १९६९ मध्ये चंद्रावर उमटलेले बुटांचे ठसे सिलिकोन रबराच्या तळव्यांचे होते. तिथल्या उन्हा-सावलीतल्या तापमानाचा फरक पाहता, साधं रबर नेऊन चाललं नसतं.

आता दुसरी बाजू, जी जाहिरातीत येत नाही. एक, साखळ्या एकमेकींना धरून ठेवत नाहीत, त्यामुळे सिलिकोन फाटायला सोपं. कारखान्यात त्यात अतिसूक्ष्म सिलिका मिसळून बळ देतात, तरीही सुरीचा बारीकसा काप पुरतो; ताण आला की तो काप सरळ आरपार जातो. दोन, कातडं तेलाचं म्हणून तेलाशी सोयरीक: पाणी नाकारणारं सिलिकोन तेल, चरबी आणि सुगंध हळूहळू पिऊन टाकतं. तीन, रेणूंमध्ये जागा असल्यामुळे वायू त्यातून सहज पार होतात. कॉन्टॅक्ट लेन्ससाठी हे वरदान ठरलं. १९९९ पासून सिलिकोन हायड्रोजेलच्या लेन्स आल्या आणि बुबुळाला जास्त ऑक्सिजन मिळू लागला. पण याच कारणाने सिलिकोनच्या पिशवीत ठेवलेल्या कांद्याचा वास फ्रीजभर फिरतो.

थोडक्यात, उष्णता, ऊन आणि पाणी यांच्याशी त्याचं जमतं; तेल, धार आणि ज्योत यांच्याशी नाही.

हातातली वस्तू खरंच सिलिकोनची आहे का?

फोनचं पारदर्शक कव्हर घ्या. लोक त्याला बिनदिक्कत सिलिकोन म्हणतात, पण काही महिन्यांत पिवळं पडणारी ती कव्हरं बहुतेक टीपीयू नावाच्या प्लास्टिकची असतात. खरं सिलिकोन अपारदर्शक किंवा दुधट, हाताला मखमली लागतं आणि खिशातली सगळी लव अंगाला लावून बाहेर येतं. तसंच जुन्या टॉर्चची किंवा स्क्रू-ड्रायव्हरची मूठ वर्षानुवर्षं पडून गुळासारखी चिकट झाली असेल, तर तो दोष सिलिकोनचा नाही. तो रबरासारखा भासणारा दुसराच लेप असतो आणि हवेतल्या ओलाव्याने तो विरघळत गेलेला असतो.

चिमटीत धरून पिळायची आणि पांढरी रेघ दिसली की भेसळ म्हणायची, ही परीक्षा सगळीकडे सांगितली जाते. माझा तिच्यावर अर्धाच विश्वास आहे. पांढरी रेघ भरपूर भुकटी मिसळल्याची खूण असू शकते, पण गडद रंगाचं चांगलं सिलिकोनही ताणल्यावर थोडं फिकटतं. संशय घ्यायला ती पुरेशी आहे, निकाल द्यायला नाही.

खात्रीची परीक्षा आगीची. वस्तूच्या न दिसणाऱ्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापा, धातूच्या चिमट्यात धरा, खिडकी उघडी ठेवा आणि खाली ओली थाळी ठेवून तो पेटवा. सिलिकोन कुरकुरत पेटतं, पांढरट धूर देतं, थेंब गाळत नाही आणि मागे पांढरी ठिसूळ राख ठेवतं. ती राख म्हणजे सिलिका, पुन्हा वाळूच. प्लास्टिक वितळून ठिबकतं, काळी काजळी सोडतं आणि कडक काळा गोळा होऊन बसतं. धूर हुंगायचा नाही, हे सांगायला नकोच. जळल्यानंतर उरणारं हे सिलिकाचं कवच वीज वाहून नेत नाही, म्हणून भट्ट्या-ओव्हनच्या आतल्या तारांना आणि चांगल्या सोल्डरिंग आयर्नच्या वायरीला सिलिकोनचं आवरण देतात. गरम टोक चुकून वायरीवर टेकलं तरी ती वितळून उघडी पडत नाही.

स्वयंपाकघरात

खाद्यपदार्थांना लागणाऱ्या वस्तूसाठी पाकिटावर दोन गोष्टी पाहा: कमाल तापमान, आणि ‘प्लॅटिनम क्युअर्ड’ असा उल्लेख. रबर घट्ट करताना पेरॉक्साइड वापरता येतं किंवा प्लॅटिनम. प्लॅटिनमच्या पद्धतीत मागे नको असलेले अवशेष राहत नाहीत. माल तयार झाल्यावर तो पुन्हा काही तास, साधारण २०० अंशांवर, भाजावा लागतो, म्हणजे आत अडकलेले छोटे उडनशील रेणू निघून जातात. जर्मनीतल्या जोखीम-मूल्यांकन संस्थेच्या शिफारशीनुसार २०० अंशांवर ४ तास ठेवल्यावर सिलिकोनमधून निघणारा उडनशील भाग ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नसावा. स्वस्त मालात या भाजणीलाच कात्री लागते.

म्हणून नवा साचा आणला की मी तो आधी बिनवासाच्या साबणाने धुतो आणि लिहिलेल्या मर्यादेपेक्षा वीसेक अंश कमी तापमानावर तासभर रिकामाच भाजतो, खिडक्या उघड्या ठेवून. पहिल्या वेळी हलका वास आला तर चालतं. तिसऱ्या भाजणीलाही खोलीभर दर्प येत असेल तर तो साचा साबणाच्या वड्या पाडायला ठेवावा, खाण्याला नाही.

सिलिकोनमधून उष्णता फार हळू जाते. ॲल्युमिनियमच्या तुलनेत जवळजवळ हजार पटीने हळू. त्यामुळे सिलिकोनच्या साच्यातल्या केकचा तळ फिका राहतो आणि माणूस ओव्हनला शिव्या देतो. साचा रिकामा असतानाच धातूच्या ट्रेवर किंवा जाळीवर ठेवा (भरल्यावर उचलाल तर मधोमध वाकून सगळं सांडेल), आणि भाजायला थोडी जास्त मिनिटं धरा. खरपूस तळ हवाच असेल तर सरळ धातूचं भांडं घ्या. केक काढताना घाई नको: दहा मिनिटं निवू द्या, कडा बाहेर ओढा, मग पालथं घालून तळ वर दाबत सोलून काढा. साच्यातच सुरी चालवायची नाही, कारण तो बारीक काप वर सांगितलाच आहे. थेट ज्योत आणि वरून लालभडक तापणारी ग्रिलची सळई यांच्यापासूनही लांब ठेवा.

ओव्हनच्या हातमोज्यात सिलिकोनचा मोठा फायदा ओल्या हातांचा. कापडी मोजा ओला असला की पाणी उष्णता झटकन आत नेतं आणि बोटं भाजतात. सिलिकोन पाणी पितच नाही. पण पातळ मोजा काही सेकंदांचाच सवंगडी आहे. गरम भांडं हातात धरून गप्पा मारत उभं राहण्यासाठी तो नाही.

आता तक्रार नंबर एक: वास आणि चिकटा. सुगंधी साबणाचा वास सिलिकोनमध्ये मुरतो आणि पुढच्या पदार्थाला लागतो. लोकांना वाटतं सिलिकोनचीच चव उतरली. वास काढायचा क्रम असा. प्रथम कडकडीत पाणी आणि बिनवासाचा साबण लावून अर्धा तास भिजवा. मग खायच्या सोड्याचा घट्ट लेप करून रात्रभर ठेवा आणि सकाळी धुवा. पूर्ण कोरडं करून शेवटी ओव्हनमध्ये १२० ते १५० अंशांवर अर्धा तास रिकामं ठेवा. खरं काम ही शेवटची पायरी करते, कारण आत मुरलेलं तेल घासून निघत नाही, त्याला उष्णतेनेच बाहेर काढावं लागतं. फक्त वर बसलेला चिकट पापुद्रा वेगळा: ते वारंवार तापून घट्ट झालेलं तेल असतं. सोड्याच्या गरम पाण्यानंतर स्पिरिटने पुसलं की तो सुटतो. तारेची घासणी लावू नका. तिने पडलेल्या चऱ्यांत पुढचं तेल आणखी छान रुतून बसतं. साच्याला तेलाचे फवारेही नकोत, या चिकट्याचं मूळ बहुधा तेच असतं.

प्रेशर कुकरची सिलिकोन रिंग धुताना जरा ताणून प्रकाशात पाहा. बारीक भेगा, कडकपणा, किंवा खाचेत सैल फिरणं, यांपैकी काहीही दिसलं तर बदला.

फट भरणे: घाई केली की दोनदा करावं लागतं

घरातल्या सिलिकोनच्या कामांमध्ये सर्वांत जास्त चुका इथे होतात, माझ्याही झाल्या आहेत. न्हाणीघरातल्या सांध्यावरचं काळपट सिलिकोन झाकावं म्हणून मी त्यावरच नवा थर ओढला. दिसायला झकास. तिसऱ्या आठवड्यात तो फितीसारखा एका ओढीत हातात आला. पूर्ण घट्ट झालेल्या, साबणाने माखलेल्या सिलिकोनवर काहीच नीट धरत नाही, नवं सीलंट (फट बुजवायचं ओलं सिलिकोन) सुद्धा नाही.

आधी योग्य नळकांडं निवडा. उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट घट्ट होताना ॲसिटिक आम्ल सोडतं. काच आणि चकचकीत टाइल यांना ते उत्तम धरतं. पण संगमरवर, चुनखडी, काँक्रीट, तांबं, पितळ आणि जस्त चढवलेलं लोखंड यांवर ते आम्ल डाग पाडतं किंवा गंज आणतं, आणि आरशाच्या पाठीमागचा चांदीचा थर खराब करतं. अशा जागी ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या. न्हाणीघरासाठी ‘सॅनिटरी’ प्रकारात बुरशीनाशक असतं. तेच कारण पुरेसं आहे ते माशांच्या टाकीला न लावण्यासाठी. टाकीसाठी वेगळं, बुरशीनाशक नसलेलं सीलंट मिळतं. ज्या फटीवर नंतर रंग द्यायचा आहे तिथे सिलिकोन नकोच, रंग धरत नाही. ॲक्रिलिक किंवा हायब्रिड सीलंट वापरा. आणि नळकांड्यावरची मुदत नक्की वाचा. मुदत उलटलेलं सीलंट बाहेर तर व्यवस्थित येतं, पण आठवडाभर बोटाला चिकटत राहतं.

पायरी पहिली, जुनं सगळं काढा. दोन्ही कडांनी ब्लेडने चीर द्या, मधला पट्टा ओढून काढा आणि उरलेलं प्लास्टिकच्या खरवडणीने घासा. काही उरलं का ते डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला कळतं: कोरडं बोट फिरवलं की उरलेल्या पापुद्र्यावर ते अडखळतं.

पायरी दुसरी, बुरशी. सांध्यात काळे डाग असतील तर ब्लीचचं पातळ द्रावण लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचबरोबर व्हिनेगर किंवा दुसरा कोणताही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू सुटतो. मग सांधा खरोखर कोरडा होऊ द्या. वरून कोरडा दिसणारा सांधा आत ओला असतो. एक दिवस थांबा, किंवा हेअर ड्रायरची मदत घ्या. शेवटी स्पिरिटने पुसून साबणाचा अंश घालवा.

पायरी तिसरी बरेच जण गाळतात. फट खोल असेल तर ती तळापासून सीलंटने भरायची नाही. तळाशी फोमची दोरी दाबून बसवा आणि तिच्यावर सीलंट घ्या. १० मिलिमीटर रुंद फटीला ५-६ मिलिमीटर खोली पुरे. माल वाचतो हे खरंच, पण मुख्य मुद्दा दुसरा आहे: सीलंट दोन समोरासमोरच्या बाजूंनाच चिकटलं तर ते रबराच्या पट्टीसारखं ताणतं. तळालाही चिकटलं की ताणायला वाव राहत नाही आणि ते कडेने फाटतं. बाथटबच्या कडेचा सांधा भरताना टब आधी पाण्याने भरून ठेवा. वजनाने तो किंचित खाली बसतो, फट रुंदावते. त्या अवस्थेत सीलंट सुकलं तर नंतर ते दाबलं जातं, ताणलं जात नाही.

पायरी चौथी, फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. नळकांड्याची तोटी तिरकी, ४५ अंशांत कापा, आणि वाटतं त्यापेक्षा लहान भोक ठेवा. मोठं करता येतं, लहान करता येत नाही. नळकांडं ज्यात बसवतात त्या गनचा घोडा एकसारखा दाबत एका दमात रेघ ओढा. थांबताना मागची पट्टी दाबून दट्ट्या सैल करा, नाहीतर सीलंट तोंडातून गळतच राहतं.

पायरी पाचवी, गुळगुळीत करणं. इथे वेळ थोडा असतो, सीलंटवर साय धरायला १० ते ३० मिनिटं पुरतात. रेघ ओढून झाल्यावर तिच्यावर साबणाचं पाणी हलकं फवारा आणि ओलं बोट किंवा गोल टोकाची पट्टी एकदाच फिरवा. साबणाचं पाणी रेघेच्या आधी सांध्यात गेलं तर सीलंट धरणार नाही. पुन्हा पुन्हा बोट फिरवायचा मोह आवरा. पहिल्या फेरीत येतं तेवढं सुंदर नंतर कधीच येत नाही. टेप लगेच, साय धरायच्या आत, फटीपासून बाहेरच्या दिशेने तिरकी ओढून काढा. उशीर झाला की टेपबरोबर सीलंटची कडही उचलते.

मग वाट पाहा. हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, बाहेरून आत, साधारण दिवसाला २ ते ३ मिलिमीटर. म्हणून कोरड्या थंडीत ते रेंगाळतं, आणि दोन मोठ्या काचांच्या मध्ये दाबलेला जाड थर आत आठवडे-आठवडे ओलाच राहतो. न्हाणीघर निदान एक दिवस बंद ठेवा, माशांची टाकी आठवडाभर; वास पूर्ण गेल्याशिवाय मासे सोडू नका. हाताला लागलेलं ओलं सीलंट पाण्याने धुतलं तर पसरतं. आधी कोरड्या कागदाने पुसा, मग स्पिरिट. उरलेल्या नळकांड्याच्या तोंडातलं सीलंट घट्ट झालं तरी काळजी नाही: लांब स्क्रू आत फिरवा आणि बुचासारखं उपटून काढा.

साचे पाडणे

मूर्ती, बटण, तुटलेल्या नक्षीचा तुकडा, कशाचीही प्रत काढायची तर सिलिकोनइतकं आज्ञाधारक दुसरं काही नाही. बोटाच्या ठशाच्या रेषाही ते उचलतं. दोन भागांत येणारं द्रव सिलिकोन दोन जातींचं असतं. टिनच्या (म्हणजे कथिलाच्या) उत्प्रेरकाचं स्वस्त आणि सोशिक, कशावरही ओता, घट्ट होतं. पण ते थोडं आकसतं, काही वर्षांत चिरफळतं आणि खाण्याच्या कामाचं नाही. प्लॅटिनमचं जवळजवळ आकसत नाही, वर्षानुवर्षं टिकतं, त्यात खाद्य आणि त्वचेसाठीच्या प्रतीही मिळतात. फक्त ते भलतंच नाजूक मनाचं आहे. गंधक, टिन किंवा अमाइन यांचा नुसता स्पर्श झाला तरी घट्ट व्हायला नकार देतं. गंधक असलेली मॉडेलिंगची माती, लॅटेक्सचे हातमोजे, रेझिनचं थ्रीडी प्रिंट, आधी टिनचं सिलिकोन ढवळलेली काडी, हे सगळे गुन्हेगार. माझा पहिला साचा सगळीकडे झकास झाला. फक्त जिथे लॅटेक्सच्या मोज्याने नमुना धरला होता तिथे बोटांच्या आकाराचे चिकट डाग राहिले. तेव्हापासून नायट्राइलचे मोजे. शिवाय नमुन्याच्या न दिसणाऱ्या भागावर सिलिकोनचा एक थेंब आदल्या दिवशी लावून बघतो.

नमुना सपाट फळीवर चिकटवा आणि भोवती खोकं करा, सगळीकडून १० मिलिमीटर तरी अंतर ठेवून. सांधे गरम गोंदाने बंद करा, कारण द्रव सिलिकोन केसाएवढ्या फटीतून रात्रभरात निघून जातं. किती लागेल ते मोजायला खोक्यात नमुन्यासकट कोरडी बारीक वाळू भरून ती मापात ओता. जितके मिलिलिटर, त्याच्या १.१ ते १.२ पट ग्रॅम सिलिकोन लागतं. वाळू काढल्यावर नमुना नीट झाडून घ्या. दोन्ही भाग काट्यावर मोजा, अंदाजाने नको. कडा आणि तळ खरवडत तीनेक मिनिटं सावकाश ढवळा, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या पेल्याच्या भिंतीला न मिसळलेला अंश चिकटून राहतो आणि साच्यातले चिकट ठिपके बहुधा तिथलेच असतात.

ओतताना उंचावरून, दोऱ्यासारख्या बारीक धारेने, खोक्याच्या एका कोपऱ्यात ओता. धार ताणली जाताना बुडबुडे फुटतात आणि सिलिकोन खालून वर चढत नमुन्याभोवतीची हवा पुढे ढकलतं. प्लॅटिनमचं सिलिकोन उबेत लवकर घट्ट होतं, गारव्यात रेंगाळतं. साचा दोन अर्ध्यांचा असेल तर दुसरा अर्धा ओतण्यापूर्वी पहिल्यावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, नाहीतर ताजं सिलिकोन त्याला धरतं आणि हातात एकसंध ठोकळा येतो. काचेच्या नमुन्यालाही हीच काळजी घ्या; काच म्हणजे सिलिकाच, नात्यातली. तयार साच्यात मेण, साबण, प्लास्टर कितीही वेळा ओता, पण पॉलिस्टर आणि युरेथेन रेझिन त्याला हळूहळू खातात.

तेल आणि ग्रीस

अमेरिकेत १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग कंपनी निघाली तेव्हा विमानाच्या इंजिनातल्या ठिणगीच्या जोडण्या ओलाव्यापासून वाचवणारं सिलिकोनचं मलम हा तिचा सुरुवातीचा माल होता. घरात हेच ग्रीस नळाच्या ओ-रिंगला, पाण्याच्या फिल्टरच्या रिंगला, टॉर्चच्या आट्यांना लावतात. नायट्राइल आणि ईपीडीएम रबराला ते चांगलं मानवतं. सिलिकोनच्याच रिंगला मात्र सिलिकोनचं ग्रीस लावू नका: सजातीय तेल ती पिते, फुगते आणि खाचेबाहेर येते.

सिलिकोनचा फवारा खिडकीच्या पट्ट्यांना छान. पण तो उडालेली फरशी बर्फासारखी निसरडी होते. जिथे रंगकाम व्हायचं आहे त्या खोलीत तर तो उघडूही नका. त्याचा अंश राहिला की रंगाला माशाच्या डोळ्यांसारखी गोल भोकं पडतात. उघड्या रिले आणि स्विचजवळही नको. ठिणगीत सिलिकोनच्या वाफेची सिलिका होते, ती संपर्कबिंदूंवर बसते आणि चांगला स्विच अधूनमधून रुसायला लागतो.

अंगाला आणि पोटात

शाम्पू-कंडिशनरमधलं डायमेथिकोन हे सिलिकोनचंच तेल. केसाभोवती पातळ कातडं चढवून ते गुंता सोडवतं. डी४ आणि डी५ हे वाटोळ्या रेणूंचे हलके सिलिकोन मात्र निसर्गात लवकर मोडत नाहीत, म्हणून युरोपीय संघाने धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांत त्यांचं प्रमाण २०२० पासून ०.१ टक्क्याच्या खाली बांधून दिलं. पोटातला वायू मोडणाऱ्या गोळ्यांतलं सिमेथिकोन आणि तळणाच्या तेलात फेस येऊ नये म्हणून घालायचं ई९०० हेही याच कुळातले. त्यातलं सिलिकोन शरीर शोषून घेत नाही, जसं आत जातं तसं बाहेर पडतं.

व्रणावर लावायची सिलिकोनची पट्टी जखम पूर्ण बंद झाल्यावरच वापरायची, रोज १२ तास किंवा जास्त, निदान दोन-तीन महिने. रोज पट्टी आणि त्वचा दोन्ही धुवा. बाळाच्या बाटलीचं निपल ओढून प्रकाशात बघा. दाताची खूण, चीर किंवा चिकटपणा दिसला की फेकून द्या, कारण चीर पडलेला तुकडा निखळायला वेळ लागत नाही. मासिक पाळीचा कप ३ ते ५ मिनिटं उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून उकळा, पाणी आटू देऊ नका, आणि वाळवून कापडी पिशवीत ठेवा, हवाबंद डब्यात नाही. सिलिकोन-आधारित वंगण त्याच्या जवळ नको, पाण्यावर आधारित चालतं.

संपल्यावर

सिलिकोन वितळवून दुसरी वस्तू करता येत नाही. एकदा घट्ट झालं की झालं. कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने त्याचं पुन्हा तेल करता येतं, पण घरच्या पुनर्वापराच्या डब्यात ते सहसा घेत नाहीत. त्यामुळे आधी दुसरं काम शोधा. फाटक्या बेकिंग मॅटचे गोल कापून खुर्चीच्या पायांखाली लावा, जुन्या साच्याची बाजू कापून बरणीची पकड करा. आणि साचे पाडायचा नाद लागलाच असेल तर निकामी प्लॅटिनमचे साचे स्वच्छ धुऊन, बोराएवढे तुकडे करून जपून ठेवा. नव्या साच्यात नमुन्यावर आधी ताज्या सिलिकोनचा बोटभर थर द्या, मग हे तुकडे टाका आणि वरून उरलेलं ओता. ताजं प्लॅटिनम सिलिकोन आपल्या जातीच्या स्वच्छ तुकड्यांना धरतं, आणि महागडा माल बराच वाचतो. टिनचे तुकडे मात्र त्यात चुकूनही मिसळू देऊ नका.